वाळवंटाची कुजबुज

धनाजीरावांचा बंगला बांधून झाला, फरशी बसली, नळाला पाणी आलं, घरची माणसं राहायलाही आली, गेटावर पितळी अक्षरांत नावाची पाटीसुद्धा लागली. राहिला तो फक्त रंग. आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

धनाजीराव कराडजवळच्या एका साखर कारखान्यावर शेती अधिकारी होते. कुणाचा ऊस आधी तुटायचा आणि कुणाचा तुरा येईपर्यंत उभा राहायचा, हे त्यांच्या मर्जीवर असल्यामुळं आसपासचे बागायतदार त्यांना वाकून नमस्कार करत आणि पाठ फिरली की शिव्या घालत. धनाजीरावांना दोन्हींची सवय झाली होती. सवय झाली नव्हती ती एकाच गोष्टीची. आपण आटपाडीकडच्या मेंढक्याचं पोर, हे कुणी आठवलेलं त्यांना चालत नसे. तसं कुणी आठवतही नव्हतं, कारण ज्याला त्याला आपल्या उसाची पडली होती. पण धनाजीरावांना मात्र रोज सकाळी आरशात दाढी करताना ते आठवायचं.

त्याला कारणही रंगच होता. त्यांच्या लग्नाच्या वेळी गावाकडच्या घराला रंग दिला होता. पोपटी भिंती, खाली गुलाबी पट्टा, दारं निळी. आईनं, सुलाबाईनं, स्वतः उभं राहून तो देऊन घेतला होता. लग्नाला कारखान्यावरचे लोक आले होते. त्यातला एकजण म्हणाला, "पत्ता विचारायची गरजच पडली नाही हो. लांबनं वाटलं, सर्कस आलीय." सगळे हसले. धनाजीराव सगळ्यात मोठ्यानं हसले. त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती, पण तो पोपटी रंग काही त्यांच्या डोळ्यांतून गेला नव्हता.

म्हणून या बंगल्याला रंग द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी एकच अट घातली. भडक नको.

एवढ्यासाठी एखादा रंगारी पुरला असता. पण धनाजीरावांनी कलर कन्सल्टंट बोलावला. विश्वजीत त्याचं नाव. पुण्याला शिकून आलेला, चुरगळलेला पांढरा शर्ट घालणारा आणि बुटात मोजे न घालणारा. तो आला, बंगल्याभोवती एक चक्कर मारली, डोळे मिटून पोर्चमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "सर, संध्याकाळी दमून घरी आल्यावर तुम्हाला काय फील व्हायला पाहिजे?"

धनाजीरावांनी बराच विचार केला. "गार वाटलं पाहिजे," ते म्हणाले.

"एक्झॅक्टली! शांतता. सर, रंग ओरडता कामा नये. रंग कुजबुजला पाहिजे."

हे वाक्य धनाजीरावांना इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी कारखान्यावर त्यांनी ते स्वतःचं म्हणून तीन जणांना ऐकवलं.

विश्वजीतनं रंगांचं जाडजूड पुस्तक उघडलं. त्यात हजारभर रंग होते. दोन तास पानं उलटून झाल्यावर त्यातले दोनच उरले. एक डेझर्ट विस्पर आणि दुसरा मशरूम मिस्ट. ते भिंतीवर लावून बघायचे ठरले. गुंडा रंगारी मिरजेकडचा, पंचवीस वर्षं हातात ब्रश धरलेला. त्यानं दर्शनी भिंतीवर हातभर रुंदीचे दोन पट्टे मारले आणि बिडी ओढायला आंब्याखाली जाऊन बसला.

धनाजीराव भिंतीसमोर उभे राहिले. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. दोन पावलं मागं सरून बघितलं.

"गुंडा," त्यांनी हाक मारली, "दुसरा पट्टा कधी मारणार?"

"मारलाय की सायेब. दोन्ही मारल्यात."

धनाजीरावांच्या कानशिलाला घाम आला. पुन्हा बघितलं. भिंतीवर त्यांना एकच रंग दिसत होता. धुळीच्या रस्त्यावर पाऊस पडून वाळला की जसा दिसतो, तसा.

"तेच म्हणतो मी," ते करड्या आवाजात म्हणाले. "दुसरा हात कधी मारणार? एका हातात रंग खुलत नसतो."

गुंडानं साहेबांकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, बिडीचा एक झुरका घेतला आणि मान डोलावली. शहाणा माणूस होता.

तेवढ्यात विश्वजीत पुढं झाला. "सर, इनिशियल रिस्पॉन्स? डावीकडं डेझर्ट विस्पर, उजवीकडं मशरूम मिस्ट. विचार करू नका, मनातून पहिला जो येईल तो सांगा."

मनातून काहीच येत नव्हतं. पण साहेबाला काहीच न सुचणं शोभत नाही. "उजवा," धनाजीराव म्हणाले. "त्याच्यात एक खोली आहे."

नेमक्या त्याच वेळी त्यांची बायको मंगल शाळेतून स्कूटीवरून आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि दिवसभर साठ पोरांना गप्प बसवून आल्यामुळं घरी आल्यावर तिला कुणाचं ऐकून घ्यायची ताकद उरत नसे. तिनं हेल्मेट न काढताच भिंतीकडं बघितलं.

"डावा चांगलाय," ती म्हणाली. "उजवा कसा मेल्यासारखा दिसतोय."

झालं. धनाजीराव पाच मिनिटं आधी बोलले नसते, तर त्यांनी आनंदानं डावा घेतला असता. त्यांचं काय जात होतं? पण आता विश्वजीतसमोर, गुंडासमोर, आंब्याखालच्या दोन मजुरांसमोर उजव्यात खोली आहे असं ते बोलून बसले होते. बोललेला शब्द परत घेता येत नाही आणि फोडलेली रंगाची बादली परत बंद होत नाही.

"तुला अंडरटोन कळत नाही," ते म्हणाले. रंगातल्या झाकेसाठीचा हा शब्द त्यांनी विश्वजीतकडून वीस मिनिटांपूर्वी ऐकला होता.

"आणि तुम्हाला कळतो?"

"मला कळतो."

पुढं पंधरा दिवस त्या घरात दुसरा विषय निघाला नाही. सकाळी चहाला रंग, संध्याकाळी भाकरीला रंग. मंगलचं म्हणणं, डेझर्ट विस्परमध्ये ऊब आहे. धनाजीरावांचं म्हणणं, मशरूम मिस्टमध्ये भारदस्तपणा आहे. पुण्यात शिकणाऱ्या मुलीला, प्रांजलला, दोन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवले. तिनं उत्तर दिलं, "पप्पा, दोन्ही सेमच आहेत." त्यावर धनाजीरावांनी तिला फोन करून मोबाइलनं डोळे कसे जातात यावर अर्धा तास ऐकवलं. त्या पोरीनं परत मत दिलं नाही.

धनाजीरावांनी एक युक्ती केली होती. डावा तिचा, उजवा आपला, एवढं पाठ करून ठेवलं होतं. बाहेरच्या भिंतीवर ते चालून जायचं. पण गुंडानं हॉलमध्येही दोन पट्टे मारले, आणि ते उलटे मारले. कॉलनीतले नानासो एकदा बघायला आले. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस, फ्यूज सोडून बाकी सगळ्यातलं कळणारा. धनाजीरावांनी त्यांना हॉलमधल्या उजव्या पट्ट्यापाशी नेलं आणि त्याची खोली, त्याचं धुकं, त्याचा भारदस्तपणा, सगळं समजावून सांगितलं. नानासो मान डोलावत होते.

"तो माझा आहे," मंगल स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

धनाजीरावांनी चष्मा नीट केला.

"माहीत आहे मला," धनाजीराव म्हणाले. "तुझ्या रंगात चांगलं काय आहे, ते सांगत होतो. मी काही तुझ्यासारखा हट्टी नाही."

नानासोंनी लगेच दुसऱ्या पट्ट्यावर हात फिरवला. "यात मात्र थोडी निळसर झाक आहे बरं का," ते म्हणाले. पट्टा कुठला हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर मतदान लावलं. अकरा मतं विस्परला, अकरा मिस्टला पडली. एका बाईंनी दोन्हीला मत दिलं आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकलं. ज्यांच्या स्वतःच्या घरांना बिल्डरनं दिलेला चुना होता, तेही पोटतिडकीनं बोलत होते. फोटो उन्हातला आहे की सावलीतला, यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

अशात वास्तुशांतीसाठी सुलाबाई गावाहून आली. थोरल्या लेकानं, मल्हारनं, तिला आटपाडीत एसटीत बसवून दिलं होतं. नऊवारी लुगडं, काखेत घोंगडं, हातात बाजरीच्या पिठाची पिशवी. सत्तरी ओलांडलेली, पण काठीबिठी नाही. रिक्षातून उतरली, बंगल्याकडं मान वर करून बघितलं आणि नजर भिंतीवरच्या पट्ट्यांवर आली.

"दोन रंग कशापायी लावल्यात रं?" तिनं विचारलं. "ह्यो तांबूस मारतोय आन् त्यो जरा निळसर."

तिथंच विश्वजीत लॅपटॉप घेऊन उभा होता. तो जवळजवळ उडालाच. "आजी! तुम्हाला अंडरटोन दिसला! पहिल्या नजरेत!"

"काय दिसला?"

"अंडरटोन!"

"न्हाई बा," सुलाबाई म्हणाली. "मला रंगच दिसला."

मंगल हसली. धनाजीरावांना ते हसू झोंबलं. पंधरा दिवस डोळे ताणून जे त्यांना दिसलं नव्हतं, ते आईला रिक्षाचे पैसे देता देता दिसलं होतं. त्यांनी घसा साफ केला. "आई, हे साधे रंग नाहीत. याला डेझर्ट विस्पर म्हणतात. म्हणजे वाळवंटाची कुजबुज."

"वाळवंट कशाला कुजबुजंल? आन् कुणासंगं?"

"आणि हा मशरूम मिस्ट. म्हणजे... अळंबीचं धुकं."

सुलाबाईनं लेकाकडं काळजीनं बघितलं. "अळंबीला बुरा येतो रं बाबा. धुकं न्हाई येत. बुरा आलेली खाऊ न्हाई."

आता विश्वजीतही हसला. आंब्याखाली गुंडा हसला. धनाजीरावांच्या डोळ्यांपुढं पोपटी भिंत उभी राहिली.

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?" ते ताडकन बोलले. "मेंढरांचे रंग नव्हेत हे. आत जाऊन बस."

सुलाबाईनं घोंगडं सावरलं. पिशवी उचलली. जाता जाता एवढंच म्हणाली, "मेंढराला लावायचा असता तर तुला इचारलंच नसतं." आणि आत गेली. त्या दिवसापासून रंगाबद्दल तिनं तोंड उघडलं नाही.

शेवटी वास्तुशांतीची तारीख जवळ आली. कारखान्याचा गळीत हंगामही त्याच आठवड्यात सुरू होणार होता आणि कारखान्याचे संचालक भाऊसो जेवायला यायचे होते. धनाजीरावांनी जेवणाच्या टेबलावर हात आपटून निकाल दिला. "मशरूम मिस्ट. विषय संपला."

मंगलनं भाजीचं भांडं सरकवलं आणि म्हणाली, "बरं."

लग्नाला बावीस वर्षं झालेल्या माणसानं त्या 'बरं'ला घाबरायला पाहिजे होतं. धनाजीरावांनी दुसरी भाकरी घेतली.

गुंडानं काम सुरू केलं. हंगामाच्या तयारीमुळं धनाजीराव सकाळी लवकर निघत आणि दिवेलागणीला परत येत. भिंतींना रंग चढत गेला. रोज सकाळी ते चहाचा कप घेऊन गेटापाशी उभे राहत, एक डोळा बारीक करत आणि म्हणत, "बघ मंगल. मशरूम मिस्टची गोष्टच वेगळी. तुझा लावला असता तर घर भाजून निघाल्यासारखं दिसलं असतं."

"व्हय," मंगल म्हणायची.

पायरीवर बसून सुलाबाई तांदूळ निवडत असायची. ती एकदा लेकाकडं बघायची, एकदा सुनेकडं, आणि पुन्हा तांदळात बोटं घालायची.

वास्तुशांतीच्या दिवशी दारात मांडव घातला. पूजा झाली, होम झाला, पंगती बसायच्या बेतात होत्या. धनाजीरावांनी रेशमी झब्बा घातला होता. भाऊसो, नानासो आणि कॉलनीतले आठ-दहा जण त्यांच्याभोवती कोंडाळं करून उभे होते, आणि धनाजीराव पोर्चच्या भिंतीवर हात ठेवून बोलत होते.

"लोक काय करतात, दिसला रंग की लावला. पण रंग ओरडता कामा नये. आता हाच बघा. मशरूम मिस्ट. घरात अनेक मतं होती, पण मी ठाम राहिलो. यात जो गारवा आहे, तो दुसऱ्या रंगात येतच नाही. भाऊसो, जरा लांबून बघा. येतंय का लक्षात?"

"येतंय की," भाऊसो म्हणाले. त्यांचं लक्ष जिलेबीच्या कढईकडं होतं.

इतक्यात विश्वजीत कॅमेरा घेऊन आत आला. त्यानं घराकडं बघितलं आणि दोन्ही हात पसरले. "सर! वा! शेवटी डेझर्ट विस्परच घेतला! माझं मनातून तेच होतं, पण क्लाएंटला सांगायचं नसतं."

"मशरूम मिस्ट आहे हा," धनाजीराव म्हणाले.

"नाही सर, विस्पर."

"अहो, मीच सांगितलाय ना!"

"सर, मी विकतो हे रंग." विश्वजीत जिन्याखाली वाकला. तिथं रिकाम्या बादल्या रचून ठेवल्या होत्या. त्यानं एकीवरचं लेबल वाचून दाखवलं. सगळ्यांनी मान लांबवून बघितलं.

धनाजीरावांच्या चेहऱ्याचा रंग मात्र त्या वेळी कुठल्याही पुस्तकात सापडला नसता. "गुंड्या!" ते ओरडले. एवढ्या वर्षांत कमावलेली शुद्ध भाषा एका दमात गेली. "आरं, काय लावलंस हे? कुणाला इचारून लावलंस?"

गुंडा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "बाईंनी सांगितलं सायेब. मी म्हणलं बी, सायेबांच्या ध्यानात आलं तर? त्या म्हणल्या, न्हाई येत."

मंगल हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन पुढं आली. "व्हय, मीच सांगितलं," ती म्हणाली. "बारा दिवस झाले. बारा दिवस तुम्ही रोज सकाळी चहा पीत माझ्या रंगाकडं बघताय आणि आपल्या रंगाचं कौतुक करताय."

कोणी तरी खोकलं. आता एकच मार्ग उरला होता आणि धनाजीरावांनी तो घेतला. ते सावकाश हसले.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "बघितल्याबरोबर ओळखलं. पण म्हटलं, तिच्या मनासारखं होतंय तर होऊ दे. संसारात माणसानं थोडी डोळेझाक करावी."

"वा!" भाऊसो म्हणाले.

"मलाही शंका आलीच होती," नानासो म्हणाले. "उन्हात तो जरा उबदार वाटत होता. पण म्हटलं, घरचा मामला."

आणखी दोघांनीही आपल्याला शंका आल्याचं सांगितलं. सगळं निभावलं होतं. धनाजीरावांनी रुमालानं मान पुसली.

सुलाबाई होमाच्या राखेपाशी पाटावर बसली होती. आत जाऊन बस म्हटल्यापासून या विषयावर ती एक अक्षर बोलली नव्हती. पण कुणाचं कुठवर ऐकून घ्यायचं, यालाही माप असतं.

"आगं मंगल," ती म्हणाली, "पर मागचं भिताड त्याच्याच रंगाचं हाय की."

"काय?" मंगल म्हणाली.

"मागचं समदं. आन् उगवतीकडचं निम्मं."

सगळ्यांनी गुंडाकडं बघितलं. गुंडा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "काय झालं बाई," तो मंगलला म्हणाला, "तुमचा निरोप येस्तोवर मागची बाजू झाली हुती. परत कशाला खरडायची? म्हणलं, दिसतंय कुणाला. पुढनं तुमचा लावला, मागं सायबांचा ठिवला. दोघं बी खूश."

मंगलच्या हातातलं तबक कलंडलं. कारण मागच्या भिंतीला लागूनच कपडे वाळत घालायची दोरी होती, आणि ती रोज शाळेतून आल्यावर तिथं उभी राहून, डेझर्ट विस्परची ऊब अंगावर घेत, कपडे वाळत घालत होती. आपण जिंकलो म्हणून गुणगुणतसुद्धा होती.

आता बघायला तर पाहिजेच. पुढं सुलाबाई, मागं धनाजीराव आणि मंगल, त्यांच्या मागं भाऊसो, नानासो, विश्वजीत, कॉलनीतली मंडळी, बायका, अशी वरात बंगल्याच्या उगवतीच्या बाजूला गेली. सुलाबाई भिंतीकडेनं चालत गेली आणि खिडकीपाशी थांबली. तिनं भिंतीवर बोट टेकवलं.

"हितं बगा," ती म्हणाली. "हितं बदलला."

सगळे पुढं वाकले.

"अगदी!" नानासो म्हणाले. "रेघ मारल्यासारखं!"

"क्लिअर ब्रेक आहे," विश्वजीत मोबाइल डोळ्याला लावून म्हणाला. "टेम्परेचरच बदलतंय."

"मला तर आत गाडी लावतानाच जाणवलं होतं," भाऊसो म्हणाले.

मंगलनं डोळे बारीक केले आणि मान हलवली. "व्हय की. इकडं ऊब आहे, तिकडं नाही."

धनाजीरावांनी भिंतीला बोट लावलं, सुलाबाईच्या बोटाशेजारीच. "इथंच. बरोबर इथंच. मी हे गुंडाला बोलणारच होतो."

सुलाबाईनं सगळ्यांचं बोलून होऊ दिलं. मग बोट काढलं, पदराला पुसलं आणि दहा पावलं पुढं चालत गेली. तिथं गच्चीवरून पावसाच्या पाण्याचा पाइप खाली आला होता. त्याच्या पलीकडं तिनं तळहात ठेवला.

"हितं बदललाय," ती म्हणाली. "तितं न्हाई. तितं मी उगंच बोट लावलं हुतं."

नानासोंनी चष्मा काढून पुसायला घेतला. भाऊसो खिडकीची जाळी तपासू लागले, जणू ते जाळी बघायलाच आले होते. विश्वजीतला कुणाचा तरी फोन आला, जरी मोबाइल वाजला नव्हता. गुंडा एकटाच मोठ्यानं हसला, आणि त्याला कुणी बोललं नाही. मग मांडवातून आचाऱ्यानं पंगतीला हाक मारली आणि इतकी मोठी माणसं इतक्या लगबगीनं जेवायला धावलेली त्या कॉलनीनं कधी बघितली नव्हती.

घर तसंच राहिलं. परत रंग द्यायचा म्हटलं, तर कुठला द्यायचा, हा प्रश्न परत आला असता. विश्वजीतनं बंगल्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आपल्या इंटरनेटवरच्या पानावर टाकले आणि खाली लिहिलं, 'ड्युअल टोन कन्सेप्ट'. त्याला त्यावर दोन नवी कामं मिळाली. कॉलनीतले लोक संध्याकाळी फिरायला निघाले की पाइपापाशी थांबायचे आणि पाहुण्यांना फरक दाखवायचे. पाहुण्यांनाही तो लगेच दिसायचा.

तिसऱ्या दिवशी सुलाबाई गावाला निघाली. धनाजीराव तिला गाडीतून कराडच्या स्टँडवर घेऊन गेले. विट्यावरून आटपाडीला जाणारी एसटी लागायला वेळ होता. दोघं गाडीतच बसून राहिले. धनाजीरावांनी एसी चालू केला, बंद केला, आणि काच खाली घेतली.

"आये," ते म्हणाले. कॉलेजात गेल्यापासून ते तिला आई म्हणत होते. "तुला खरंच दिसतो?"

"काय?"

"फरक."

"दिसतो की. तुला न्हाई दिसत?"

धनाजीराव समोरच्या फलाटाकडं बघत राहिले. "न्हाई."

"आजाबात?"

"आजाबात न्हाई."

सुलाबाई हसली नाही. तिनं घोंगडं मांडीवर नीट घेतलं. "तुझ्या बापालाबी दिसत न्हवतं," ती म्हणाली. "दोनशे मेंढरांत कंचं कोकरू कंच्या मेंढीचं, त्याला जल्मात कवा कळलं न्हाई. पाच-सात कळपं एका ठिकाणी बसली की त्याचं मेंढरू दुसरा घिऊन जायचा, आन् दुसऱ्याचं त्यो घिऊन यायचा."

"मग?"

"मग काय? मला इचारायचा."

गाडी लागली. धनाजीरावांनी आईची पिशवी वर चढवली, तिला खिडकीजवळ जागा मिळवून दिली. गाडी सुटेपर्यंत ते खाली उन्हात उभे राहिले. कधी नव्हे ते, कारखान्यावर जायला उशीर झाला तरी त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मंगल मागच्या बाजूला दोरीवरचे कपडे काढत होती. वास्तुशांतीपासून दोघं कामापुरतंच बोलत होते. धनाजीराव जाऊन तिच्या शेजारी उभे राहिले, भिंतीकडं बघत.

"मंगल," ते म्हणाले, "मला यातला फरक दिसत नाही. पहिल्या दिवसापासून नाही."

मंगलनं एक टॉवेल घडी केला. मग दुसरा. मग त्यांच्याकडं बघितलं.

"मला तरी कुठं दिसतोय?" ती म्हणाली.

"मग पंधरा दिवस भांडलीस कशापायी?"

"तुम्ही भांडत होता म्हणून. पहिल्या दिवशी तोंडाला आलं ते बोलले, हॉलमधला तर गुंडाला विचारून ठेवला होता. आणि तुमचा तो अंडरटोन." तिनं कपड्यांचा ढीग त्यांच्या हातात दिला. "पहिल्या दिवशी नुसतं म्हणाला असता, मंगल, मला काय समजंना, तर मी पण म्हटलं असतं."

धनाजीराव ढीग घेऊन उभे राहिले. हसू येत होतं, पण कपडे खाली पडतील म्हणून हसता येईना. समोरच्या रस्त्यावरून नानासोंचा आवाज आला. बरोबर कोणी तरी पाहुणे होते आणि ते सगळे पाइपाच्या दिशेनं येत होते.

"हे कॉलनीत कुणाला सांगू नका," मंगल हळूच म्हणाली.

"छे," धनाजीराव म्हणाले. त्या घराच्या रंगाबाबत दोघांचं एकमत झालं ते एवढंच.